बंगालला जाणारी तापी

नाना, तुझ्या तापीचं काय करायचं एवढं तरी सांगून जायचं होतंस.

बाकी तुझं सगळं आवरलेलं होतं, असं वहिनी म्हणाल्या. कपाटाच्या किल्ल्या खुंटीला, चष्मा डबीत, पांघरूण घडी करून उशाशी. राहिली ती फक्त चाळीसगावच्या शाळेच्या अंगणातल्या नकाशातली आपली सिमेंटची नदी. पाच फुटांची असेल जेमतेम. ती तू तशीच ठेवलीस, उलटी, आणि ती माझ्या गळ्यात पडली. मी ड्रॉइंगचा मास्तर. मला हिमालय रंगवायला सांग, रंगवतो. नद्यांचं मला कधी काय कळलं? जे कळलं ते तुझ्यामुळे, आणि त्यातलं निम्मं तू चेष्टेत सांगितलेलं. त्यामुळे त्यातलं खरं कोणतं आणि चेष्टेचं कोणतं, हे आज मला धड सांगता येत नाही.

तुझ्या उत्तरकार्याला, गंधमुक्तीला, मी धुळ्याला तुझ्या घरी आलो होतो. दारावर माणसं बसलेली होती, कुणी कापसाच्या भावाचं बोलत होतं, कुणी तुझं. मुख्याध्यापिका मॅडमही आल्या होत्या. आपली तीच रे, सातवीत असताना आपल्या नकाशातल्या गंगेत पाय घसरून पडली आणि गुडघा फोडून घेतला ती. आता शाळा तिच्या हातात आहे आणि मी तिला मॅडम म्हणतो. ती म्हणाली, "सर, अंगणातल्या नकाशाला आपण नानासरांचं नाव देतोय. दगडी पाटी करायला टाकलीय."

मी मान हलवली. छानच होतं ते. पण आतून वहिनी बाहेर आल्या, डोक्यावरचा पदर सारखा करत खांबाला टेकून उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊजी, पाटी लावा, मी नही म्हनत नही. पन पहिले ती नदी नीट करा. जलमभर भूगोल शिकाडा त्यास्नी, नि नावखाले नदी उलटी? लोके हासतीन ना."

त्यावर मॅडम म्हणाल्या, "पण काकू, नानासर मला म्हणाले होते, मी आहे तोवर तिला हात लावू नका. मग काय करायचं ते करा."

"माले ते म्हने, करानी राही गई, आते लाज वाटस," वहिनी म्हणाल्या.

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मला तर तू तिसरंच सांगितलं होतंस. एकदा नाही, दरवर्षी. "राहू दे तिले रंगारी, ती चूक नही शे." आता या तिघांतलं खरं कोणतं, नाना? एकाला एक, दुसऱ्याला दुसरं, असा तू नव्हतास. निदान मला तसं वाटत होतं. त्या दिवशी तुझ्या दारात बसून मला पहिल्यांदा रडू आलं ते तू गेलास म्हणून नाही, मी गोंधळलो म्हणून. एवढ्या वर्षांत मी कुणाशी बोलत होतो तेच मला कळेना.

तू म्हणशील, मूळ गोष्ट सांग आधी. बरं. आपण दोघं नोकरीला लागलो त्याच्या दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. संस्थेचे एक संचालक सिमेंट देतो म्हणाले, वाळू गिरणेची आली, आणि तू हातात खडू घेऊन अंगणात चौकोन आखायला बसलास. भारताचा उठावाचा नकाशा करायचा, डोंगर वर, नद्या खाली, आणि तांब्यानं पाणी ओतलं की ते ज्या त्या नदीतून ज्या त्या समुद्राला गेलं पाहिजे. भूगोल तुझा, हात माझे. विटांचे तुकडे रचून, वर कोंबड्यांची जाळी बांधून मी हिमालय उभा केला. तू लांबून बघितलास आणि म्हणालास, "रंगारी, इतला मोठा हिमालय ऱ्हाता ते चीनमा ऊनच पडतं नही." मी दोन दिवस रागावून बोललो नाही. मग निम्मा हिमालय तोडला.

'रंगारी' हे नाव तेव्हाच पडलं. आणि तू सगळ्या गावाचा नाना, तर माझाही नाना. पण तुझ्याशी अहो-जाहो मला पहिल्या दिवसापासून जमलं नाही. तू चार वर्षांनी मोठा, तरी मी अरे-तुरे करायचो आणि वहिनींना ते फार खटकायचं. तुला खटकायचं का, हे मी कधी विचारलं नाही. हेही एक राहिलंच.

गंगा पहिल्या दिवसापासून नीट वाहिली. सिंधू नीट वाहिली, फक्त सीमेबाहेर सांडलेलं तिचं पाणी सरळ मुतारीच्या भिंतीकडे जायचं आणि पोरं हसायची. गोदावरी, कृष्णा, कावेरी, सगळ्या शहाण्यासारख्या पूर्वेला गेल्या. नर्मदा पश्चिमेला गेली. राहिली तापी. मामेबहिणीचं लग्न होतं म्हणून मी रावेरला गेलो होतो, आणि तापी तू एकट्यानं, एका दुपारात केलीस. मी परत आलो तोवर सिमेंट धरलं होतं. मी मुलताईला, तापीच्या उगमाशी, पाणी ओतलं. ते दोन वीत पश्चिमेला गेलं, भुसावळच्या आसपास थबकलं, थोडा वेळ तिथं विचार करत बसलं आणि माघारी फिरलं. मुलताईच्या अंगावरून पलीकडे वर्धेत उतरलं, वर्धेतून गोदावरीत, आणि गेलं बंगालच्या उपसागराला.

"नाना, हे काय केलंस?" मी विचारलं.

तू बघत राहिलास. बराच वेळ. पाणी समुद्रात पोहोचून निळ्या रंगावर पसरलं तरी बघत होतास. मग म्हणालास, "राहू दे."

ते बघणं मला आजवर उलगडलेलं नाही. पकडला गेलास म्हणून तसा बघत होतास, की काहीतरी सापडलं म्हणून? तुझा चेहरा वाचायला मी पुढं चांगला शिकलो. कुणाचा पेपर तपासताना तुला हसू येतंय, कुणाचा वाचून वाईट वाटतंय, हे मी लांबून सांगायचो. पण तेव्हा आपण नवे होतो, आणि नेमका तोच चेहरा मला वाचता आला नाही.

दुरुस्ती म्हणशील तर अर्ध्या गोणीचं काम होतं. मुलताई वीतभर उचलायची आणि तिथून सुरतेपर्यंत नदीचा तळ नव्याने उतरता घ्यायचा. गवंड्यालाही बोलवायला नको. मी दर दिवाळीच्या सुट्टीत विचारायचो, "करायची का?" तू म्हणायचास, "मन्ही तापी शे, मन्ही मर्जी." मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर तुझी चेष्टा करायचो. नानांच्या तापीनं सुरतेचं तिकीट काढलं आणि कलकत्त्याच्या गाडीत बसली, असं म्हणायचो. तू चहाच्या बशीत बघून हसायचास. त्या हसण्याखाली लाज होती, असं वहिनी आता म्हणतात. मला ती कधी दिसली नाही, आणि दिसली नाही म्हणून नव्हती असंही आता म्हणवत नाही.

पण नाना, दुसरी बाजूही मी पाहिली आहे ना. दरवर्षी पाचवीचा नवा वर्ग तू अंगणात आणायचास. नकाशाभोवती पोरं बसायची. तू एकेका नदीला पाणी ओतायचास आणि काही बोलायचा नाहीस. तापीची पाळी आली की पाणी माघारी फिरायचं आणि कुणीतरी ओरडायचंच, "सर, सर, तापी उलटी गई!" आपली पोरं ती. कुणाचा मामा अमळनेरला, कुणाची आत्या भुसावळला. तापी कुठं जाते हे त्यांनी डोळ्यांनी बघितलेलं. मग तू कमरेवर हात ठेवून विचारायचास, "उलटी कशी काय? गोदावरी, कृष्णा, कावेरी बठ्ठ्या पूर्वेला चालल्या, तीच का नाही?" आणि मग तो तास रंगायचा. दख्खनचा उतार पूर्वेला, पण सातपुडा आणि सातमाळा-अजिंठा यांच्या मधली जमीन खचली, त्या खचदरीतून तापी पश्चिमेला गेली. पोरं स्वतः उठून खडूनं दाखवायची, सर इथं खणलं पाहिजे, इथं उचललं पाहिजे. मी ड्रॉइंगच्या खोलीच्या खिडकीतून बघायचो. माझ्या वर्गात पोरं अशी कधी उठली नाहीत, हे मी तुला बोलून दाखवलं होतं. तू म्हणालास, सफरचंद उलटं काढून बघ फळ्यावर.

तेव्हा तुझं म्हणणं पटायचं. घरी गेलो की पुन्हा वाटायचं, हा आपल्या चुकीवर धड्याचं पांघरूण घालतोय. मग सकाळी पुन्हा पटायचं.

तुझं शिकवणंच तसलं होतं म्हणा. खोरं म्हणजे काय, हे शिकवताना तू पोरांना विचारलंस, "तुमच्या घरातल्या मोरीचं पाणी कोणत्या समुद्रात जातं?" आणि शोधून आणायला सांगितलंस. पोरं आठवडाभर गटारीच्या कडेकडेनं फिरत होती. मोरीतून गटार, गटारीतून डोंगरी नदी, डोंगरीतून तितूर, तितूरमधून गिरणा, गिरणेतून तापी, तापीतून अरबी समुद्र. पालक तक्रार घेऊन आले, मास्तर आमच्या पोरांना गटारी हुंगायला लावतात. तू त्यांना खुर्च्या दिल्यास, पाणी दिलंस आणि त्यांच्याही मोरीचा पत्ता विचारलास. एक गृहस्थ कन्नडकडचे निघाले, गावी घाटावर घर. त्यांना तू सांगितलंस, तुमच्या गावाकडच्या मोरीचं पाणी शिवनेतून गोदावरीत आणि तिथून बंगालला जातं, आणि इथल्या भाड्याच्या खोलीतलं गुजरातला. ते गृहस्थ तक्रार विसरले आणि विचारात पडून घरी गेले.

तो कन्नडचा घाट तू मलाही दाखवला होतास. तुझ्या जुन्या स्कूटरवरून आपण वर गेलो, माथ्यावर थांबलो. तू म्हणालास, "अठे मुतशी ते पानी गुजरातमा जाई, नि तठे मुतशी ते आंध्रामा." मी विचारलं, आणि मधोमध? तुला हसू येईल असं मला वाटलं होतं, पण तू खरंच विचार करायला लागलास. मग म्हणालास, मधोमध अशी जागा नसते, पाण्याला कुठल्या तरी एका खोऱ्यात जावंच लागतं, आपल्याला दिसो न दिसो. मी म्हणालो, मला दोन्हीकडचं पटतं. तू म्हणालास, "तू ड्रॉइंगवाला शे, तुले चाली जास." मग आपण माथ्यावरच्या टपरीवर भजी खाल्ली आणि तू पैसे देऊ दिले नाहीस.

चांगदेवचं भांडण तर तसंच राहिलं. सहलीला गेलो होतो, तापी-पूर्णेच्या संगमावर. मी म्हणालो, मला तर पूर्णा मोठी दिसते, मग पुढं नाव तापीचं का चाललं? तू म्हणालास, नाव माणसं देतात, पाण्याला नाव ठाऊक नसतं. मी म्हणालो, मग मुख्य नदी कोणती आणि उपनदी कोणती हे ठरवणारे तुम्ही भूगोलवाले कोण? तू चिडलास. लांबी, खोऱ्याचं क्षेत्र, उगमाची उंची असं काहीबाही मोजायला लागलास, बोटं संपली, आणि पोरं होडीत बसून परत आली तरी आपलं चाललेलंच. भुसावळच्या फलाटावर तू म्हणालास, "याचा निकाल लावतो मी, थांब." नाही लावलास. मी अजून पूर्णेच्या बाजूनं आहे. खरं तर नाही. तुझ्या विरुद्ध बाजूनं कुणीतरी असायला पाहिजे म्हणून मी असायचो.

आणि आपलं ते गावाचं भांडण. माझं गाव वर, रावेरकडे, केळीचं. तुझं गाव खाली, नरडाण्याच्या अलीकडे, पांझरेच्या काठी, जिथून ती पुढं मुडावदला तापीला मिळते. तू म्हणायचास, तुम्ही वरचे लोक केळीला पाणी ओढून घेता, आमच्यापर्यंत उरतं काय? मी म्हणायचो, तुमचं पाणी पांझरेचं, आमच्या तापीशी तुमचा संबंध काय? तू म्हणायचास, खोरं एकच आहे रे, म्हणून तर भांडता येतं. दुसऱ्या खोऱ्यातल्या माणसाशी मी कशाला भांडेन?

हे वाक्य मला गंधमुक्तीच्या दिवशी गाडीत आठवलं, धुळ्याहून येताना, आणि समोरच्या बाईनं विचारलं, बाबा, डोळ्यात काही गेलं का?

तुझा शेवटचा फोन मी किती वेळा मनात ऐकला असेल. इकडचं तिकडचं झालं, गुडघ्याचं झालं, नातीचं झालं. मग तू म्हणालास, "रंगारी, मुलताईचं तुले एक सांगनं व्हतं." मी म्हणालो, सांग. तेवढ्यात तुझ्या दारावर सिलेंडरवाला आला. तू म्हणालास, "थांब, मंग सांगस." आणि फोन ठेवलास. मीही परत केला नाही. घाई काय होती? मुलताई कुठं पळून जाणार होती? आता मी त्या वाक्याला रोज नवं शेपूट लावतो. मुलताई उचलून टाक. मुलताईला हात लावू नको. मुलताई त्या दिवशी मी मुद्दाम खाली ठेवली. मुलताई त्या दिवशी माझ्याकडून चुकली. सगळी शेपटं तुझ्या आवाजात बरोबर बसतात, हाच तर त्रास आहे.

पाटी तयार झाल्याचा निरोप आला तेव्हा मॅडम म्हणाल्या, "सर, तुम्ही म्हणाल तसं. गवंडी उद्या बोलावू का नको?" रविवार होता. मी दुपारी शाळेत गेलो. अंगणात कुणी नव्हतं. तांब्या भरला, मुलताईला ओतला. पाणी गेलं दोन वीत, थांबलं, फिरलं. मी पुन्हा ओतला. मग हिमालयाच्या पायथ्याशी बसून तुला मोठ्यानं शिव्या दिल्या. एकदाच खरं बोलून का नाही गेलास? धडा होता तर वहिनींसमोर लाज कसली? चूक होती तर अर्धी गोणी सिमेंट कधी मिळालं नाही का? कदाचित आधी चूक झाली असेल आणि मग तिचा धडा झाला असेल, असं मी स्वतःला समजावून बघितलं. ऐकायला बरं वाटतं ते. पण तसं असतं तर तू मला सांगितलं असतंस. निदान मलातरी सांगितलं असतंस, या एका गोष्टीवर मी अडून बसलो आहे.

शेवटी मी वहिनींचं ऐकलं. का, ते सांगतो. तू खरं काय मानत होतास ते मला ठाऊक नाही आणि आता कळणारही नाही. वहिनींना काय वाटतं ते मात्र त्यांनी माझ्या तोंडावर सांगितलं. पाटीखाली उलटी नदी ठेवून त्यांना दर वर्षी कुणाकडून तरी ऐकवायचं, एवढा भूगोलप्रेमी मी नाही. तुला हे आवडलं नसेल तर नसेल. मला तरी काय आवडतंय?

गवंडी आला. मुलताई फोडली तेव्हा आत तुझ्या हातचं जुनं सिमेंट निघालं. राखाडी, दगडासारखं घट्ट झालेलं, त्यात कुठं वाळूतला एखादा बारका शिंपला. मी हातात घेऊन बघत होतो तर गवंडी म्हणाला, "मजबूत काम शे सर." मुलताई उचलली. तळ मीच घेतला, बोटांनी, कारण थापीनं मला तो वळसा जमेना. बुऱ्हाणपूर, भुसावळ, गिरणा जिथं मिळते ती जागा, मुडावद, प्रकाशा, आणि खाली सुरत. आठ दिवस गोणपाटाखाली पाणी मारलं. मग निळा रंग. पाटीच्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी रंग वाळला.

आज तो कार्यक्रम झाला. भाषणं झाली, ती तुला सांगत नाही, तुला झोप आली असती. वहिनींच्या हातात मॅडमनी तांब्या दिला. त्यांनी मुलताईला पाणी ओतलं. नाना, ते थांबलं नाही. सरळ गेलं. बुऱ्हाणपूर, भुसावळ, तुझं मुडावद, वळसा घेऊन सुरत, आणि निळ्या समुद्रात जाऊन पसरलं. टाळ्या वाजल्या. वहिनींनी पदरानं डोळे पुसले आणि म्हणाल्या, "आते बरं वाटनं माले." त्या एका वाक्यासाठी मी पुन्हा दहा मुलताया फोडीन. हे खरं आहे, यात मला गोंधळ नाही.

पण मग मी पाचवीच्या पोरांकडे बघितलं. नकाशाभोवती बसलेली, तशीच, जशी तू बसवायचास. पाणी नीट गेलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. खिचडीची घंटा झाली. उठली आणि ताटं घ्यायला पळाली. कुणी ओरडलं नाही, कुणी काही विचारलं नाही. विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी तांब्या हातात घेऊन उभा. जिंकलो होतो ना मी, इतक्या वर्षांचं भांडण? तूच बरोबर होतास, मी तुझा तास बुजवला, असं मला वाटायला लागलं. गवंड्याला उद्या परत बोलवावं, मुलताई पुन्हा फोडावी, वहिनींना काय सांगायचं ते बघू, इथपर्यंत माझं गेलं होतं.

तेवढ्यात लक्षात आलं, एक मुलगी उठलीच नव्हती. दोन वेण्या, गुडघ्यावर हनुवटी. वाळत चाललेल्या तापीकडे बघत बसली होती. मी म्हणालो, खिचडी संपेल बाई, जा.

तिनं वर बघितलं. "सर, एक इचारू? तापीले कसं समजनं, आपले इकडेच जावानं शे म्हनीसन?"

असा प्रश्न त्या अंगणात कधी कुणी विचारला नव्हता. उलट्या तापीला नाही आणि सुलट्या तापीलाही नाही. खचदरी हा शब्द माझ्या ओठांवर आला, पण ते तिच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. मुलगी वाट बघत होती. मला फार आनंद झाला.

मी तिला म्हणालो, "थांब हं, नानासरांना बोलावतो." आणि खरंच वळलो.